मुद्रेवरील मुद्रा : जोगलटेंभीची नाणी व मावळचे लेख

नाण्यावरील चिन्ह हे भाषेतील शब्दाप्रमाणे संकेतानेच अर्थ धारण करते. राज्य बदलल्यावर या संकेताचे काय होते, हे पाहावयाचे असल्यास १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे सापडलेल्या निधीकडे वळावे लागते. त्यातील सुमारे १३,२५० रौप्यनाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची असून, पैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे.

मूळ नाण्याच्या एका अंगास राजमुख व ग्रीक लिपीतील लेख आहे. दुसऱ्या अंगास बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आहेत. लिपी तीन, भाषा मात्र एकच, प्राकृत. ग्रीक अक्षरांतही राजाचे नाव प्राकृत षष्ठीतच आहे. अर्थात ती लिपी मजकुरापेक्षा प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणूनच अधिक वावरते. सातकर्णीने तीनांपैकी केवळ ब्राह्मी ठेवली आणि एका बाजूस शिखरयुक्त पर्वत, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह उमटविले. जुना ठसा अनेक नाण्यांवर खालून दिसतोच.

याच्याशी रोमन जगातील एक उदाहरण ताडून पाहण्याजोगे आहे. यहुदी प्रदेशातील बार कोखबाच्या उठावात (इ. स. १३२–१३५) रोमन अमलातील कांस्यनाणी घासून त्यांवर ताडवृक्ष व द्राक्षपर्ण छापण्यात आले. तेथे सम्राटाचे मुख पुसणे हाच हेतू उघड होता. सातकर्णीच्या नाण्यांचा अर्थही तसाच लावावा काय?

कार्ल्याचे लेख येथे साहाय्यक ठरतात. नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक लेण्यांतील भिक्षूंना करजिक गाव दिले. पुढे मामाल येथील अमात्यास दिलेल्या, सामान्यतः गौतमीपुत्राच्या मानल्या जाणाऱ्या आज्ञेने तेच गाव तेथील भिक्षूंना पुन्हा दिले. दान तेच, दात्याचे नाव नवे. धातू तोच, ठसा नवा. म्हणून पुनर्मुद्रणात उच्छेदापेक्षा चालू व्यवहारावरील अधिकाराची घोषणा पाहणे अधिक युक्त होय.

जवळच घोरावाडीच्या डोंगरातील लेण्यात धेनुकाकटच्या एका नांगरधारी कुटुंबिकाच्या पत्नीचा दानलेख आहे. त्यात कोणत्याही राजाचा उल्लेख नाही. राजचिन्हांवरून समाजजीवनाचे अनुमान करताना हे मौनही जमेस धरावे. स्वरमध्यस्थ ‘म’चा ‘व’ व ‘ल’चा ‘ळ’ होऊन, ‘ग्राम’चे ‘गाव’ झाले त्याच नियमाने ‘मामाल’चे ‘मावळ’ झाले, आणि ते नाव आजही चालू आहे.