सातबाऱ्याची चौकट आणि पडद्यावरचे रकाने

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची मालदांडी ज्वारी पेरली की तिची नोंद गाव नमुना 12 मध्ये होते. जमीन कोणाची, हे गाव नमुना 7 सांगतो. सातबाऱ्याच्या एकाच कागदावर हे दोन वेगळे कप्पे नांदतात. डेटाबेसचा फॉर्म आखणाऱ्याने तो कागद नीट न्याहाळावाच.

जवळजवळ असलेल्या गोष्टी डोळा आपोआप एकत्र धरतो, हे मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्टहायमर यांनी 1923 मध्ये मांडले. म्हणून गट क्रमांक, क्षेत्र आणि आकारणी शेजारी हवेत. पीक, हंगाम, सिंचनाचे साधन वेगळ्या चौकटीत. मध्ये पुरेशी मोकळी जागा सोडली तर रेघही लागत नाही. खरीप की रब्बी, अशी एकच निवड करायची असेल तर गोल बटणे एका गटात बांधावीत. तरच एक दाबले की दुसरे सुटते. टॅब कळीचा क्रम तर तपासाच. नजर खाली जाते, कर्सर भलतीकडे उडी मारतो आणि आकडा चुकीच्या रकान्यात पडतो.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच पीक नोंदवतो, तेही उन्हात, बांधावर उभा राहून. त्याच्या मोबाइलवर रकाने एकाखाली एकच हवेत: आधी खाते, मग गट, मग पीक.