ड्रॅगन फ्रूट प्लेटलेटसाठी नव्हे, चवीसाठी खा

"डॉक्टर, पोराला लघवीतून रक्त जातंय." गेल्या सप्टेंबरात सकाळी सहाला शेजारच्या इमारतीतल्या आजोबांचा फोन आला. नातवाला डेंग्यू झालेला, पाचवा दिवस, ताप आदल्या रात्रीच उतरलेला. डेंग्यूत ताप उतरतो तेच दिवस जास्त जपण्याचे असतात, म्हणून मीही घाईघाईने गेलो. मुलगा अंथरुणात बसून बिस्किट खात होता. नाडी चांगली, रक्तदाब व्यवस्थित. लघवी तपासून आणली, तर तीत तांबड्या पेशी नव्हत्या. मग काल काय काय खाल्लं ते विचारलं. आजोबा म्हणाले, "प्लेटलेट वाढाव्यात म्हणून दोन ड्रॅगन फ्रूट दिली. लाल गराची, मुद्दाम महागातली आणली."

लाल गराच्या ड्रॅगन फ्रूटमध्ये बीटासारखीच रंगद्रव्यं असतात. ती पोटात पूर्ण मोडत नाहीत आणि काहींच्या लघवीला, शौचाला लाल-गुलाबी छटा येते. एरवी हे निरुपद्रवी आहे. पण डेंग्यूच्या रुग्णात रक्तस्राव होतोय का यावर डोळा ठेवायचा असतो. अशा वेळी हा रंग उगाच घाबरवतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे खरं रक्त जात असताना "फळाचा रंग असेल" म्हणून दुर्लक्ष होतं. म्हणून डेंग्यूच्या आठवड्यात लाल गराचं ड्रॅगन फ्रूट आणि बीट दोन्ही बाजूला ठेवावं. पांढऱ्या गराचं चालेल.

त्याने प्लेटलेट मात्र वाढत नाहीत. तसा भक्कम पुरावा नाही. गैरसमज कसा रुजला हे समजण्यासारखं आहे. आपल्याकडे या फळाचा हंगाम साधारण जून ते नोव्हेंबर, डेंग्यूचाही तोच. त्यात डेंग्यूमधल्या प्लेटलेट आधी घसरतात आणि आजार ओसरू लागला की बहुतेकांच्या आपोआप वर चढतात. त्या दोन-तीन दिवसांत जे खाल्लं त्याला श्रेय मिळतं, मग ते किवी असो, पपईच्या पानांचा रस असो की ड्रॅगन फ्रूट. डेंग्यूत खरी गरज असते पुरेशा पातळ पदार्थांची: ओआरएस, ताक, नारळपाणी, पेज. तापाला पॅरासिटामॉल घ्या. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणं यांपैकी काही दिसलं तर फळांच्या गाडीकडे नको, थेट दवाखान्यात जा.

एवढं सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं, की फळ चांगलं आहे. हा एक निवडुंग आहे, मूळचा मध्य अमेरिका आणि मेक्सिकोकडचा. आपल्या गच्चीवर रात्री फुलणारं, ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो, तेही निवडुंगच आणि याच्याच कुळातलं. ड्रॅगन फ्रूटचं फूलही तसंच, रात्री उमलतं आणि सकाळी मिटतं. पुढे महिन्याभरात फळ तयार होतं. पाणी कमी लागत असल्याने सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात सिमेंटच्या खांबांवर चढवलेल्या बागा उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तडसर गावचं फळ दुबईला गेलं. त्याच वर्षी गुजरात सरकारने याचं 'कमलम' असं नामकरण केलं, पण आपल्या बाजारात अजून ड्रॅगनच चालतो.

घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आंबा किंवा केळं घरी आणून पिकवता येतं, हे फळ येत नाही. झाडावरून तोडलं की त्यातली साखर वाढायची थांबते. हिरवट छटेचं फळ "दोन दिवसांत होईल" म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. ते मऊ पडेल, गोड होणार नाही. "याला चवच नसते" ही तक्रार बहुतेकदा लांबच्या प्रवासासाठी लवकर तोडलेल्या फळाची असते. साल सगळीकडे सारखी रंगलेली हवी, फळ आकाराच्या मानाने जड हवं, अंगठ्याने हलकं दाबल्यावर किंचित दबायला हवं. खवल्यांची टोकं थोडी सुकलेली चालतात. पण खवले पार वाळलेले, सालीवर तपकिरी चट्टे किंवा देठाशी ओल असेल तर फळ शिळं. पांढरा गर की लाल, हे बाहेरून खात्रीने कळत नाही. विक्रेत्याला विचारा, कापलेलं एखादं असेल तर बघा.

घरी आणल्यावर लगेच धुऊ नका, ओलीने बुरशी धरते. बाहेर दोन-तीन दिवस टिकतं. त्याहून जास्त ठेवायचं तर कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात चार-पाच दिवस. कापलेल्या फोडी झाकणाच्या डब्यात ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा.

पोषणाचं बोलायचं तर १०० ग्रॅम गरात साधारण ५० ते ६० कॅलरी, बाकी बरंचसं पाणी, थोडं मॅग्नेशियम आणि पोट साफ राहायला मदत करणारे तंतू. 'क' जीवनसत्त्वासाठी मात्र हे महागडं फळ घेण्याची गरज नाही. आपला पेरू त्याच्या कितीतरी पुढे आहे. मधुमेह असेल तर अर्धं फळ जेवणाच्या हिशेबात धरून खाता येईल. "याने साखर उतरते" यावर विसंबून गोळी मात्र चुकवू नका. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमवर बंधन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. क्वचित कुणाला अॅलर्जीही होते. ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं दिसलं तर पुन्हा खाऊ नये.

खाताना साल बाहेरून धुवा, उभे दोन भाग करा आणि चमच्याने गर काढा. काळ्या बिया तशाच खायच्या. सर्वात गोड भाग मधला असतो, तो लहान मुलांना द्या. अगदी गार फळाची गोडी जिभेला कमी कळते, म्हणून फ्रिजमधून पंधरा मिनिटं आधी काढून ठेवा. तरी फिकं लागलं तर साखर घालून मिल्कशेक करण्यापेक्षा लिंबू पिळा, चिमूटभर काळं मीठ घाला, किंवा दह्यात मिरपूड घालून कोशिंबीर करा. लाल गराची कोशिंबीर दिसते सुरेख, पण कपड्यांवर सांडू देऊ नका. डाग थेट बीटासारखा पडतो.