लॅपटॉपवर चहा सांडला, तर दुरुस्ती करावी का?

चहा सांडल्यावर लॅपटॉपचा घात करतात ते त्यातले क्षार आणि साखर. वीज चालू असेल तर ओलाव्यातून तांब्याचे आयन सरकतात, धातूचे केसासारखे तंतू वाढतात आणि शॉर्ट सर्किट होतं. म्हणून आधी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा. तांदळात पुरून उपयोग नाही. साखरेचा थर आतच राहतो आणि हवेतली ओल धरतो. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तरी निर्धास्त राहू नका, गंज काही आठवड्यांनीही डोकं वर काढतो. मदरबोर्ड लवकर उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केला, तर तो वाचू शकतो. बोर्डच बदलायचा असेल आणि खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्यावर जात असेल, तर माझ्या मते नवाच घ्यावा. मात्र एसएसडी बोर्डावरच सोल्डर केलेली असेल आणि बॅकअप नसेल, तर निदान फोटो-कागदपत्रं काढण्यापुरता जुना बोर्ड दुरुस्त करून घ्या.