एक कायदा, तीन कायद्यांची दुरुस्ती

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. गावोगावची माणसे येथे बाजाराला येतात, तशी कोर्टातही येतात. कुणाची जमिनीची तारीख असते, कुणाची फौजदारीची. तेथे कधी कानावर येते, "आता कायदा बदलला हो!" पण कायदा बदलतो म्हणजे काय? आणि तो कशामुळे बदलतो? त्याची एक खरी हकीगत ऐका.

देसाईगंज हे गाव तेव्हा आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात होते. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. २६ मार्च १९७२ ची रात्र. मजुरी करणाऱ्या एका आदिवासी मुलीला पोलीस ठाण्यावर आणले होते. तिच्या भावाने काही तक्रार दिली होती, म्हणून. जबान्या झाल्या. सोबतच्या लोकांना बाहेर जायला सांगितले. मुलीला मात्र आत ठेवून घेतले. ठाण्यातल्या पोलिसांनी आपल्यावर अत्याचार केला, अशी तक्रार तिने केली.

खटला उभा राहिला. १९७४ साली सेशन कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडले. १९७६ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना दोषी ठरवले. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे हायकोर्ट म्हणाले. पण १९७८ साली सुप्रीम कोर्टाने दोघांना पुन्हा सोडले. का? मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या. तिने आरडाओरड केल्याचेही कोर्टाला पटले नाही. म्हणून तिची संमती होती, असा अर्थ काढला गेला.

आता तुम्हीच विचार करा. वेळ रात्रीची, ठाणे पोलिसांचे. ती गरीब पोर हाक तरी कुणाला मारणार?

१९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सुप्रीम कोर्टाला उघड पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार अशी त्यांची नावे. मुंबईत व इतर शहरांत बाया रस्त्यावर आल्या. कायदा बदला, अशी मागणी त्यांनी केली. शेवटी १९८३ साली संसदेने एक दुरुस्ती कायदा केला.

या एका कायद्याने तीन जुने कायदे दुरुस्त केले. तीन कशाला? आपली बंडी पाहा. एकच चाक नवे बसवले आणि दुसरे मोडके राहिले, तर बंडी चालेल का? न्यायाचेही तसेच आहे. गुन्हा कोणता आणि शिक्षा किती, हे एक कायदा सांगतो. खटला कसा चालवावा, हे दुसरा सांगतो. पुरावा कशाला म्हणावे, हे तिसरा सांगतो. नुसती शिक्षा वाढवली आणि पुराव्याचा नियम जुनाच ठेवला, तर गुन्हेगार पुन्हा सुटणार. म्हणून तिन्ही ठिकाणी एकदम हात घातला.

पहिला बदल शिक्षेचा. ताब्यातल्या बाईवर पोलिसाने अत्याचार केला, तर शिक्षा कमीत कमी १० वर्षे ठरली. पीडित बाईचे नाव छापणे हाही गुन्हा झाला. दुसरा बदल खटल्याचा. असा खटला बंद दाराआड चालवायचा. तिसरा बदल पुराव्याचा, आणि तो फार मोठा. ताब्यातल्या बाईशी संबंध आल्याचे सिद्ध झाले, आणि 'माझी संमती नव्हती' असे तिने कोर्टात सांगितले, तर कोर्टाने तसेच धरून चालायचे. उलटे सिद्ध करायचे ओझे आरोपीवर पडले.

ज्या मुलीमुळे हे घडले, तिला मात्र त्याचा लाभ मिळाला नाही. आधी घडलेल्या गोष्टीला नव्या कायद्याची शिक्षा लावता येत नाही, असा आपल्या घटनेचा नियम आहे. तिचे दुःख तिच्याकडेच राहिले. लाभ झाला तो पुढच्या लेकीबाळींना.

२०१३ साली असाच आणखी एक दुरुस्ती कायदा झाला. बाईने अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती धरू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले. पुढे १ जुलै २०२४ पासून ते तिन्ही जुने कायदे गेले आणि नवे आले. पण हे नियम नव्या कायद्यांतही आहेत.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. जबानीसाठी बाईला ठाण्यावर येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी यावे. अत्याचाराची तक्रार बाई अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावी. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असला, तरी तक्रार घ्यावीच लागते. तक्रारीची नक्कल फुकट मिळते. ती मागून घ्या आणि वाचून पाहा. वकिलाला पैसे नसले, तरी अडत नाही. बायांना आणि आदिवासींना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

कायदा माणसेच करतात, आणि चुकला तर माणसेच तो सुधारतात. पण त्यासाठी तो आधी माहीत पाहिजे. आता तुम्हाला वाचता येते. हे पान घरातल्या बायांनाही वाचून दाखवा.