चकमक ठरते ती नाकाबंदीच्या आधी

३१ मार्च १९९७ च्या दुपारी दिल्लीतल्या कॅनॉट प्लेसमध्ये गुन्हे शाखेच्या पथकाने एका निळ्या मारुती एस्टीम गाडीला गाठले आणि तिच्यावर गोळ्या झाडल्या. पथक उत्तर प्रदेशातल्या यासीन नावाच्या गुंडाच्या मागावर होते. गाडीत यासीन नव्हता. दोन निरपराध व्यावसायिक मारले गेले, त्यांच्याबरोबरचा तिसरा माणूस गंभीर जखमी झाला. अशा घटनेनंतर चर्चा नेहमी गोळीपाशी सुरू होते. आधी कोणी झाडली, पोलिसांच्या जिवाला खरोखर धोका होता का, हे प्रश्न विचारले जातात आणि ते विचारायलाच हवेत. पण फरार आरोपीला अडवताना रक्त सांडणार की नाही, आणि सांडलेच तर कोणाचे, हे बहुतेक वेळा गोळी सुटण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते. मिळालेली खबर कितपत खरी आहे, ती कोणी पडताळली, आरोपीला अडवायची जागा कोणी निवडली आणि तिथे उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात काय दिले, यावर ते ठरते.

कॅनॉट प्लेसच्या घटनेत चूक नेमकी कुठे घुसली ते पाहा. यासीन दिल्लीत येणार अशी खबर होती. पाळतीवरच्या अधिकाऱ्याला गाडीतल्या एका माणसाचा चेहरा त्याच्यासारखा वाटला. पूर्व दिल्लीपासून शहराच्या मध्यापर्यंत गाडीचा पाठलाग झाला आणि तेवढ्या वेळात ‘त्याच्यासारखा दिसतो’ याचे ‘तोच आहे’ कधी झाले, हे कोणाच्या लक्षातही आले नाही. गाडीचा नंबर हाताशी होता, ती कोणाची आहे हे शोधता आले असते. गाठण्यासाठी जागा निवडली गेली ती भर बाजारातली, माणसांनी गजबजलेली. गाडीतून आधी गोळीबार झाला असे पोलिसांनी नंतर सांगितले आणि गाडीत पिस्तूल सापडल्याचेही दाखवले. न्यायालयाने हा बनाव मान्य केला नाही. सहायक पोलीस आयुक्तासह दहा पोलिसांना २००७ मध्ये जन्मठेप झाली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शिक्षा अर्थात गोळीबाराबद्दल झाली. पण चेहऱ्याच्या साम्यावर विसंबून राहण्याची चूक त्याआधीच घडली होती आणि तिथे कोणी कोणाला थांबवले नव्हते.

याच्या शेजारी मुंबईतली गिरगाव चौपाटी ठेवून पाहावी. २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्रीनंतर, मुंबईवर हल्ला करणाऱ्या दहशतवाद्यांपैकी अजमल कसाब आणि इस्माईल खान हे दोघे बळकावलेल्या स्कोडा गाडीतून चौपाटीकडे निघाले होते. गाडीचे वर्णन वायरलेसवरून नाक्यावर पोचले होते. रस्त्यावर बॅरिकेड लागले होते आणि डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे अधिकारी व शिपाई दबा धरून होते. स्कोडा बॅरिकेडच्या थोडी अलीकडेच थांबली. हेडलाइट बंद करून आतला दिवा लावा, असे पोलिसांनी ओरडून सांगितले. चालकाने त्याऐवजी काचेवर पाण्याचा फवारा सोडून वायपर सुरू केले, म्हणजे आत कोण बसले आहे ते दिसू नये. मग गाडी वळवून पळण्याचा प्रयत्न केला, पण ती दुभाजकात अडकली. झटापटीत इस्माईल गोळी लागून मेला. डाव्या बाजूने कसाब बाहेर आला तेव्हा सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी त्याच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली आणि सगळ्या गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. मागून आलेल्या सहकाऱ्यांनी लाठ्यांनी कसाबला लोळवला आणि जिवंत पकडला.

ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावच्या या माणसाविषयी महाराष्ट्राला वाटणारा अभिमान सर्वथा रास्त आहे. मात्र त्या रात्रीचे श्रेय केवळ शौर्याला दिले तर ओंबळे यांच्यावरच अन्याय होतो. गाडीची खूण अचूक होती, अडवायची जागा आधी तयार होती, वाहन वळवायला वाव नव्हता आणि दिवे विझवा म्हणण्याइतका शांतपणा माणसांपाशी होता, म्हणून त्यांच्या धाडसाचे चीज झाले. एक गोष्ट मात्र नव्हती. सलग गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीसमोर त्यांच्या हाती लाठीच होती. हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने नंतर मुंबई पोलिसांच्या शस्त्रसामग्रीतल्या आणि सरावातल्या उणिवांवर बोट ठेवले. यंत्रणेतली ही उणीव एका माणसाने आपला जीव देऊन भरून काढली, हे लिहिताना आजही संताप येतो.

यावर पोलिसांकडून येणारा आक्षेप वजनदार आहे. समोरच्याचा हात कमरेकडे गेला की निर्णयाला क्षणभरच मिळतो, खुर्चीत बसून पडताळणीच्या गोष्टी सांगणाऱ्याला तो क्षण ठाऊक नसतो, असे ते म्हणतात. ते खरेच आहे, आणि म्हणूनच विचार त्या क्षणावर सोपवता येत नाही, तो आधी झालेला असावा लागतो. कानपूरजवळच्या बिकरू गावात २ जुलै २०२० च्या रात्री गुंड विकास दुबेला पकडायला गेलेल्या पथकाच्या वाटेत जेसीबी आडवा लावलेला होता आणि छपरांवर बंदुका सज्ज होत्या. पोलीस उपअधीक्षकासह आठ जण मारले गेले. धाडीची बातमी आधीच फुटली होती. दुबेशी संगनमताच्या आरोपावरून स्थानिक ठाण्यातल्याच दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. त्या आठ जणांपैकी कोणाचा नेम कच्चा होता म्हणून ते मेले नाहीत. दिल्लीत ढिसाळ खबरीने नागरिक मेले, बिकरूत फुटलेल्या खबरीने पोलीस मेले.

कायद्याने आमचे हात बांधलेत, हा दुसरा आक्षेप तितका टिकत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ नुसार आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार, अटकेला विरोध करणाऱ्याविरुद्ध पोलिसांना आवश्यक ती सर्व साधने वापरता येतात. मर्यादा इतकीच, की ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घेण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत १३५ माणसे मारली गेली. त्यांबाबतच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी मार्गदर्शक सूचना दिल्या. शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत पदक किंवा खास बढती नको, ही त्यांतली सूचना बरीच गाजली. पहिल्या सूचनेकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. गंभीर गुन्हेगाराच्या हालचालीची खबर आली की ती लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात नोंदवावी, असे ती सांगते. ही नोंद चोख ठेवली तर चकमकीनंतर पोलिसाचा बचाव तिथेच उभा राहतो. खबर किती वाजता आली, गाडीचा नंबर कोणी पडताळला, साध्या वेशातले पोलीस कोण आणि गणवेशातले कोण, पहिला इशारा कोणी द्यायचा, हे आधी लिहिले असेल तर प्रामाणिक अधिकाऱ्याला नंतर काहीच रचावे लागत नाही.

उरतो तो लोकांचा आक्षेप, आणि तो सर्वांत खोल आहे. खटले वर्षानुवर्षे चालतात, साक्षीदार फुटतात, मग असल्या माणसाला जिवंत पकडायचेच कशाला? या उद्वेगामागे खरी वेदना आहे, तिला तुच्छ लेखता येणार नाही. पण चौपाटीवर जिवंत सापडलेल्या कसाबने काय दिले ते आठवावे. हल्लेखोर कराचीहून समुद्रमार्गे कसे आले, त्यांना कोणी शिकवले, हे त्याच्या कबुलीजबाबातून न्यायालयाच्या दप्तरात गेले. २०१० मध्ये शिक्षा झाली, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. हल्ल्यापासून फाशीपर्यंत चार वर्षेही लागली नाहीत. विकास दुबे उज्जैनमध्ये हाती लागला, पण कानपूरला नेताना गाडी उलटली आणि पळू पाहणारा दुबे गोळीबारात ठार झाला, असे पोलिसांनी सांगितले. या प्रकरणी नेमलेल्या चौकशी आयोगाला पोलिसांचे हे म्हणणे खोडून काढणारा पुरावा मिळाला नाही. स्थानिक पोलीस आणि दुबे यांच्यातले साटेलोटे मात्र आयोगाने नोंदवले. त्याला इतकी वर्षे कोणी पाठीशी घातले, धाडीच्या रात्री त्याला कोणी सावध केले, हे त्याच्या तोंडून साक्षीच्या पिंजऱ्यात ऐकण्याची शक्यता १० जुलै २०२० च्या सकाळी संपली.