सात दिवस, सात टेकड्या

'दहा दिवसांत सात देश' वाली टूर तुमच्याही ऑफिसात कुणी ना कुणी करून आलेलं असेलच. परत आल्यावर चॉकलेटं वाटतात, लॅपटॉपवर पाचशे फोटो दाखवतात आणि प्रत्येक फोटोला विचारतात, "हे व्हिएन्ना की झुरिक गं?" नवरा म्हणतो व्हिएन्ना, बायको म्हणते झुरिक. मग दोघंही पुढच्या फोटोकडे वळतात.

तेव्हाच ठरवलं होतं. जायचं तर एकाच शहरात जायचं, तेही चांगलं आठवडाभर. नाक्यावरच्या कॅफेवाल्यानं तिसऱ्या दिवशी आपल्याला ओळखायला हवं, इतकं.

शहर ठरलं लिस्बन. पॅरिस, रोमचं नाव घेतलं की सगळे 'वॉव' म्हणतात, लिस्बन म्हटल्यावर "ते नक्की कुठे आलं?" असं विचारतात. पण मंडळी, आपण रोज तोंडात घोळवतो ते बटाटा, पाव, साबण, चावी, अननस हे शब्द तिथूनच बोटीत बसून आलेत. आणि हो, 'पगार'सुद्धा! ज्या शब्दाची आपण महिनाभर वाट बघतो, तो शब्दच पोर्तुगीज असेल तर त्या देशाला एक भेट द्यायलाच हवी की नाही?

माझ्यासोबत आई आणि बाबा येतायत. आईचे गुडघे दुखतात आणि लिस्बन वसलंय सात टेकड्यांवर, म्हणजे प्लॅनिंगची पहिली परीक्षा तिथेच. बाबांची एकच अट आहे. तिच्याबद्दल पुढे सांगते.

आधी सुट्ट्यांचं गणित, कारण खरी अडचण पैशांपेक्षा बॉसची असते. शुक्रवारी रात्री निघायचं, पुढच्या रविवारी परत यायचं. लीव्ह लागते फक्त पाच दिवसांची. भारतातून विमान मधे कुठेतरी बदलावं लागतं, त्यामुळे शनिवार प्रवासातच जातो आणि परतीचंही तेच. तरी शहरासाठी मोकळे सहा दिवस हाती लागतात. महिना निवडताना मे किंवा सप्टेंबर-अखेर बघा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात. हिवाळ्यात पाऊस, आणि तो आपल्याकडे चार महिने पुरेसा होतोच.

मग येतो व्हिसा. इथे मी तुम्हाला स्वतःच्या फजितीचीच गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या युरोपीय देशासाठी अर्ज केला होता. मी फ्रीलान्सर, म्हणजे सॅलरी स्लिप नाही, कंपनीचं लीव्ह लेटर नाही. बॅलन्स दणकट दिसावा म्हणून अर्जाच्या आठवडाभर आधी भावाकडून दीड लाख खात्यात भरून घेतले. एवढी हुशारी! दूतावासानं नकार दिला, फी गेली आणि भावाला पैसे परत करताना त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. अचानक आलेली रक्कम हा सगळ्यात मोठा संशय असतो, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणून तुम्हाला सांगतेय. यंदा वर्षभर खातं सरळ ठेवलं, तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न जोडले, जुना नकार अर्जात लपवला नाही. व्हिसा आला. पाकीट फोडताना हात चक्क थरथरत होते.

शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो आहे, २०२४ पासून. वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. पण शेवटच्या घडीवर विसंबलात तर झोप उडेल. मेडिकल इन्शुरन्स किमान ३० हजार युरोंचा हवा आणि तो तुमच्या सगळ्या दिवसांचा हवा. एक दिवस कमी भरला तरी अर्ज अडू शकतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू असला पाहिजे. हॉटेलच्या बिलात शहराचा टुरिस्ट टॅक्सही धरा: माणशी दर रात्री ४ युरो, जास्तीत जास्त सात रात्रींपर्यंत.

हॉटेल कुठे घ्यायचं? फोटोत आल्फामा भन्नाट दिसतं. अरबांच्या काळापासूनच्या चिंचोळ्या गल्ल्या, खिडक्यांतून वाळणारे कपडे, रात्री फादोचे सूर. पण तिथे पायऱ्याच पायऱ्या आहेत आणि चाकांची बॅग त्यावरून ओढायची म्हणजे शिक्षाच. आईचा विचार करून आम्ही बैशा भागात खोली घेतली. हा शहरातला सपाट तुकडा आहे, आणि तो इतका सरळ रेषेत का आहे, त्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १७५५ ला, सणाच्या दिवशी सकाळी लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. मागोमाग समुद्राच्या लाटा आल्या, मग आगी लागल्या. जुनं शहर संपलं. पोंबालच्या मार्किसनं बैशा नव्यानं वसवलं. सरळ रस्ते केले आणि घरांच्या भिंतींच्या आत लाकडी सांगाडे बसवले, पुढच्या भूकंपात इमारत डोलावी पण कोसळू नये म्हणून. आपण ज्याला टाउन प्लॅनिंग म्हणतो ते त्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी केलं. (आपल्या महापालिकेबद्दल मी काही बोलत नाही.)

वारांचा घोळ मात्र नीट समजून घ्या. सोमवारी बेलेमचा मठ बंद, बरीच म्युझियम्स बंद. म्हणून आमचा सोमवार कार्मोसाठी आहे. भूकंपात छप्पर गेलेलं हे चर्च तसंच उघड्या कमानींसह ठेवलंय, आणि ते नेमकं रविवारी बंद असतं. त्याच्याच चौकात २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाहीच्या शेवटच्या पंतप्रधानानं शरणागती पत्करली होती. मंगळवारी साओ व्हिसेन्ते द फोरा मठ. तिथे ब्रागांझा घराण्याची थडगी आहेत आणि त्यांत कॅथरीन आहे. हो, तीच! १६६१ च्या करारात जिच्या हुंड्यात मुंबई इंग्रजांना दिली गेली ती. मुंबईत भाडं भरणाऱ्या प्रत्येकानं एकदा तिला भेटून विचारायला हवं, बाई, किती स्क्वेअर फूट होतं? मठाच्या मागेच मंगळवार-शनिवारी जुना बाजार भरतो, म्हणजे आईचीही सोय झाली.

बुधवारी सिंत्रा. रोसियो स्टेशनवरून लोकलनं चाळीस मिनिटं, पुढे टेकडीवर ४३४ नंबरची बस. पेना राजवाड्याचं तिकीट वेळ ठरवूनच मिळतं. ते इथूनच बुक करा, नाहीतर दारात उभं राहून पिवळ्या भिंतींचे फोटो काढून परत यावं लागेल.

चढाचं काय? २८ नंबरची पिवळी ट्राम सगळ्यांनाच हवी असते, आणि पाकीटमारांनाही. सकाळी लवकर गाठा, सॅक पुढे लटकवा. किल्ल्यावर जायला फिगेइरा चौकातून ७३७ नंबरची छोटी बस आहे. आईसाठी हा शोध लागला तेव्हा मला वर्ल्ड कप जिंकल्यासारखं झालं. ग्लोरियाची फ्युनिक्युलर सप्टेंबर २०२५ मध्ये घसरून १६ माणसं गेली, त्यामुळे जुन्या गाइडबुकात तिचं नाव दिसलं तरी प्लॅन तिच्यावर आखू नका.

खाण्याचं टेन्शन शाकाहारी लोकांना जास्त. 'काल्दो व्हेर्दे' नावाचं पालेभाजीचं साधं सूप दिसतं, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती तरंगत असते. आधी सांगून काढायला लावायची. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह येतात ते फुकट नसतात. नको असेल तर हात न लावता परत द्या, बिलात धरत नाहीत. बेलेमला मात्र १८३७ पासूनच्या दुकानातली अंड्याची कस्टर्ड टार्ट गरमागरम, वर दालचिनी भुरभुरून खायची. अंडं चालत असेल तर डाएट त्या दिवशी हॉटेलात ठेवून या. शेजारच्या जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. शाळेतल्या पुस्तकातला माणूस एकदम समोर!

आता बाबांची अट. माझे आजोबा १९५५ च्या गोवा सत्याग्रहात गेले होते आणि पोर्तुगीज पोलिसांचा मार खाऊन परतले होते. त्यांच्या तोंडी कायम एक नाव असायचं, मोहन रानडे. रानडे १९५५ मध्येच पकडले गेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, पण ते पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले, लिस्बनजवळच्या कॅशियासच्या किल्ल्यात. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी जंग जंग पछाडलं. सुटका झाली १९६९ मध्ये. आजोबांना ते ठिकाण बघायचं होतं, ते राहून गेलं.

मी आधी कुरकुर केली. कॅशियासला आजही तुरुंग आहे. आत जाता येणार नाही, फोटो काढणंही बरं नाही, मग अर्धा दिवस कशाला घालवायचा? बाबा म्हणाले, "तू कॅफेत बस. मी बाहेरून बघून येतो." त्यानंतर मी गप्प.

तर गुरुवार कॅशियासचा. काइश दो सोद्रे स्टेशनवरून कश्काइशला जाणाऱ्या समुद्राकाठच्या लाइनवर ते येतं. कश्काइशची बीच मी त्याच दिवशी संध्याकाळी जोडून टाकलीय, बाबांना न विचारता. शुक्रवारी बेलेम. शनिवारी सकाळी सामान भरायचं, बस्स.

एक्सेलची शीट भरत आलीय. त्या लाइनवरच्या काही गाड्या फास्ट असतात. कॅशियासला कुठली थांबते तेवढं बघायचं राहिलंय. बाबा रोज विचारतात.