ख्रिस्ती शेजाऱ्यांची रविवारची उपासना

ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून रविवारच्या उपासनेस येण्याचें आमंत्रण आलें, म्हणजे आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो तो 'जावें कीं न जावें' हा. आणि तो सुटण्यापूर्वींच दुसरा उभा राहतो, 'गेलों तर तेथें करावयाचें काय?' कोणाचें लहान मूल देवास अर्पण करावयाचें असतें, कोणाच्या आईच्या स्मरणार्थ प्रार्थना असते, रुग्णालयांत वर्षानुवर्षें आपल्या माणसांची शुश्रूषा केलेली परिचारिका सेवानिवृत्त होत असते. आमंत्रण मनापासूनचें असतें. नाहीं म्हटलें तर तिचें मन दुखावतें. होय म्हटलें तर घरांतील वडील माणसांस शंका येते कीं, तेथें अंगावर पाणी शिंपडतील, कांहीं खावयास लावतील, निदान गुडघे तरी टेकावयास सांगतील. या शंका बहुधा माहितीच्या अभावीं निघतात. म्हणून वाशिम जिल्ह्यांतील लहानशा ख्रिस्ती मंडळींत रविवारीं काय घडतें, तें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाशिम म्हटलें कीं आपणांस बालाजीचें देऊळ आठवतें, इतिहासाची आवड असणाऱ्यास वाकाटकांचें वत्सगुल्म आठवतें, आणि कारंजें म्हटलें कीं श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान. १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची दुसरीही एक ओळख आहे, ती आपल्या बोलण्यांत क्वचित् येते. वाशिमास पूर्वीं अमेरिकेंतील मेथॉडिस्ट पंथाचें मिशन होतें; १९३० नंतरच्या दशकांत तें काम नाझरीन मंडळीकडे आलें. ही मंडळी तशी नवी, १९०८ सालीं अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत एकत्र संघटित झालेली. परंतु पुढें तिच्यांत मिळालेल्या एका गटाचे मिशनरी त्यापूर्वींच, १८९८ सालीं, हिंदुस्थानांत येऊन पुढें बुलढाण्यास स्थायिक झाले होते. तिची शिकवण अठराव्या शतकांतील इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याच्या परंपरेची: अंतःकरण शुद्ध व्हावें, दारू-तंबाखू वर्ज्य असावी, आणि देवाविषयीं जें अनुभवास आलें तें चारचौघांत बोलून दाखवावें. १९३८ सालीं डॉ. ऑर्फा स्पायकर नांवाच्या अमेरिकन बाईंनीं मिशनच्या जुन्या शाळेच्या इमारतींत रुग्णालय उघडलें. तेंच रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय. त्या भागांतील किती घरांतील बाळंतपणें तेथें सुखरूप पार पडलीं, हें आमच्या वाचकभगिनींपैकीं वाशिमकडील कोणासही विचारावें.

प्रथम शब्दांची ओळख करून घ्यावी हें बरें. ख्रिस्ती मराठींत 'मंडळी' हा शब्द एकवचनी आहे. तो इमारतीस लागत नाहीं, जमलेल्या माणसांच्या समुदायास लागतो. उपाध्यायास 'पाळक' म्हणतात, मेंढरें राखणारा तसा. येशूच्या चरित्राचे चार ग्रंथ तीं 'शुभवर्तमानें', पवित्र भोजनाचा विधि तो 'प्रभुभोजन'. पाळक लग्न केलेला संसारी गृहस्थ असतो, आणि नाझरीन मंडळींत आरंभापासून स्त्रियांसही पाळकपदाची दीक्षा मिळूं शकते. आपल्याकडे पौरोहित्य शिकलेल्या स्त्रियांविषयीं अलीकडे जें कौतुक चालतें, तें ऐकून तेथील एखादी वृद्ध बाई हंसेल.

रोमन कॅथॉलिकांच्या भव्य देवळांचें चित्र मनांत धरून जाणाऱ्याची येथें निराशा होते. शहरांत साधी कौलारू किंवा सिमेंटची इमारत, भिंतीवर एक क्रूस, पुढें एक मेज व पुस्तक ठेवावयाची घोडी. खेड्यांत कित्येकदां तेवढेंही नसतें. एकाद्या घराच्या ओसरीवर सतरंजी पसरली कीं देऊळ झालें. मूर्ति नाहीं, समई नाहीं, धूप नाहीं, तीर्थ नाहीं. चपला दाराबाहेर काढावयाच्या, आणि खेड्यांत पुरुषांनीं एका बाजूस व बायकांनीं दुसऱ्या बाजूस बसावयाचें, हें पाहून कीर्तनास आल्याचा भास होतो. प्रार्थनेच्या वेळीं बायका डोक्यावरून पदर घेतात. आपल्या बायकांनीं कुंकू लावून जाण्यास कोणाची हरकत नसते, आणि कित्येक ख्रिस्ती सुवासिनींच्या गळ्यांत मंगळसूत्रही असतें.

आरंभ गायनानें होतो, आणि आमच्या मतें गाणें ऐकण्यासाठीं म्हणूनच एकदां तरी जावें. पेटी असते, तबला किंवा ढोलकी असते, टाळ असतात. 'उपासना संगीत' नांवाचें पुस्तक हातोहात फिरतें. ज्यास वाचतां येत नाहीं त्यास तें पाठ असतें. पाश्चात्य चालींवर बसविलेलीं कांहीं पदें त्यांत आहेत, आणि खरें सांगावयाचें तर त्यांतील बरींचशीं आमच्या कानास ओढून ताणून बसविल्यासारखीं वाटतात. मराठी शब्दाचा आघात एकीकडे आणि चालीचा ठोका दुसरीकडे. पण मग एकाएकीं अभंग सुरू होतो, टाळ वाजूं लागतात, म्हातारे डोळे मिटतात, आणि आपलेंच बोट आपल्या गुडघ्यावर ताल धरूं लागतें. अशा पदांच्या खालीं नांव पाहावें. पुष्कळदां तें नारायण वामन टिळकांचें असतें.

टिळकांचें नांव काढलें कीं आपल्या समाजाच्या जुन्या जखमेस हात लागतो. रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवचा हा चित्पावन कवि. १८९३ सालीं आगगाडींतील प्रवासांत एका युरोपियन गृहस्थाशीं झालेल्या बोलण्यांतून व त्यानें दिलेल्या नव्या कराराच्या वाचनांतून त्यांचें मन वळलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. घर मोडलें. लक्ष्मीबाई कांहीं वर्षें पतीपासून दूर राहिल्या, नंतर त्यांजकडे गेल्या, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रें' आपल्यापैकीं बहुतेक घरांत वाचलें गेलें आहे. आपण तें हंसत हंसत वाचतों, कारण लक्ष्मीबाईंची लेखणीच तशी. पण नवरा जिवंत असतांना त्याच्यासाठीं सुतक धरावें तसें रडणारें घर त्यांत आहे, आणि सोंवळ्याओंवळ्याचा संस्कार एका बाईच्या मनांतून कसकसा गळून पडला त्याची हकीकतही आहे. तुकोबांच्या वाटेनें आपण ख्रिस्ताकडे आलों, असें टिळक सांगत. त्यांच्या पूर्वीं मराठी ख्रिस्ती पदें नव्हतीं असें नाहीं. अहमदनगरच्या मिशनऱ्यांनीं व कृष्णराव सांगळे यांनीं तीं रचिलीं होतीं. पण टिळकांनंतर मराठी ख्रिस्ती मनुष्य आपल्या देवाशीं अभंगाच्या व ओवीच्या वळणानें बोलूं लागला. ज्यास आपण घरांतून गेलेला म्हणून रडलों, त्याचे शब्द वऱ्हाडांतील शेतमजुरांच्या तोंडीं आज शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून आहेत.

गायनानंतर प्रार्थना. ती पाठ केलेली नसते. पाळक किंवा मंडळींतील एकादा गृहस्थ मनांत येईल तसें देवाशीं बोलतो. पाऊस पडूं दे, सोयाबीनला भाव मिळूं दे, अमक्याचें ऑपरेशन नीट पार पडूं दे, असें सरळ मागणें असतें. कांहीं ठिकाणीं सगळेजण एकदम मोठ्यानें प्रार्थना करतात. नवख्यास त्या गलक्यानें बावरल्यासारखें होतें. आपण शांत बसावें. डोळे मिटले नाहींत तरी कोणी पाहात नाहीं, कारण त्यांचे मिटलेले असतात.

पुढें 'साक्ष'. ज्यास बोलावयाचें असेल तो उभा राहतो आणि त्या आठवड्यांत देवानें आपल्यासाठीं काय केलें तें सांगतो. कोणी दारू सुटल्याचें सांगतो, कोणी मुलाचा ताप उतरल्याचें. सुशिक्षित मनुष्यास येथें हंसूं येण्याचा संभव असतो, तें आवरावें. ताप औषधानें उतरला कीं प्रार्थनेनें, हा वाद आपण सत्यनारायणाच्या कथेंत साधुवाण्याच्या नौकेवरून घालीत नाहीं. शिवाय याच लोकांच्या मंडळीनें रुग्णालय चालविलें आहे, हें विसरूं नये. सभेंत कधीं तोंड न उघडलेली बाई चारचौघांपुढें उभी राहून आपल्या संसाराविषयीं दोन वाक्यें नीट बोलते, याची किंमत आमच्या दृष्टीनें मोठी आहे.

मग शास्त्रपाठ होतो. मराठी बायबलची भाषा आपणांस थोडी जुनी व कांहींशी परकी वाटेल. सेरामपूरच्या मिशनऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मराठी भाषांतरास हात घातला, तेव्हांपासून तिच्यावर कित्येक हात फिरले आहेत. पंडिता रमाबाईंनीं तर सामान्य बाईसही समजावें म्हणून संपूर्ण बायबलचें स्वतंत्र भाषांतर केलें, आणि १९२२ सालीं त्या वारल्या त्या तें काम हातावेगळें करूनच. शास्त्रपाठानंतर उपदेश. तो अर्धा-पाऊण तास चालतो, कधीं अधिक. वक्ता चांगला असला तर दाखले शेतांतले असतात, बेताचा असला तर तेंच तेंच वळून येतें. या बाबतींत आपल्या प्रवचनकारांहून त्यांची स्थिति फारशी निराळी नाहीं.

दानाची थैली किंवा ताट फिरतें तेव्हां पाहुण्यानें अवघडून जाऊं नये. मिळकतीचा दहावा भाग, 'दशमांश', देण्याचा नियम मंडळीच्या सभासदांसाठीं आहे. पाहुण्यानें टाकलें तर घेतात, पुढें सरकविलें तर कोणी वळून पाहात नाहीं. पुष्कळ मराठी मंडळ्यांत पीक आल्यावर कापणीचा सण होतो. त्या दिवशीं भोपळे, तुरीचे दाणे, कोंबडीं, अंडीं अर्पण करतात आणि मग त्यांचा लिलाव होतो. तो दिवस मुलांस दाखवावयास फार चांगला.

प्रभुभोजनाविषयीं मात्र स्पष्ट सांगितलें पाहिजे. नाझरीन मंडळींत तें दर रविवारीं नसतें. वर्षांतून निदान चार वेळां असतें. भाकरीचा लहानसा तुकडा व द्राक्षांचा न आंबविलेला रस देतात. कोठें कोठें मनुका भिजवून तो काढतात. दारू तींत नसते, हें वडील माणसांस सांगून ठेवावें. पण तो प्रसाद नव्हे. आपण देवळांत समोर आलेल्या प्रसादास नाहीं म्हणत नाहीं, म्हणून केवळ सभ्यतेनें हात पुढें करण्याची आपली संवय आहे. येथें ती सभ्यता उलट पडते. ख्रिस्ताच्या मरणावर विश्वास ठेवून त्याच्याशीं व एकमेकांशीं बांधले जाण्याचा तो विधि आहे. तो विश्वास नसतां घेणें म्हणजे दुसऱ्याच्या लग्नांत सप्तपदी चालण्यासारखें आहे. बसून राहावें, त्यांत अपमान कोणाचाच नाहीं. आणि बाप्तिस्मा शिकवण व संमति यांवांचून पाहुण्यास चुकून दिला जात नाहीं, ही दुसरी भीतिही सोडून द्यावी.

आतां जें बोलावयास आम्हांस जड जातें तें. आपला संकोच खरोखर येशूविषयीं असतो काय? मुंबई-पुण्याच्या मोठ्या चर्चमध्यें नाताळच्या रात्रीं गाणीं ऐकावयास आपलीं मुलें जातात, त्यांस कोणी अडवीत नाहीं. वाशिमकडील खेड्यांतील सतरंजीवर बसावयाचें म्हटलें कीं पाय मागें येतो. मराठी मुलुखांतील लहान मंडळ्यांत पुष्कळ कुटुंबें पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतील आहेत, आणि आपला पाय तेथें अडखळतो. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनेक अनाथ मुलें मिशनांच्या आश्रयास आलीं. अन्नाबरोबर धर्मही आला, हें खरें, आणि त्यावर टीका करण्याचा कोणासही अधिकार आहे. पण त्या मुलांस आपल्या ओसरीवर जागा होती काय, हें टीकाकारानें आधीं सांगावें. लाभासाठीं धर्म सोडला हें म्हणणेंही आज तपासून पाहावें लागतें. १९५० च्या आदेशान्वयें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. पुढें १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती झालेल्यांस त्या नाहींत. म्हणजे सतरंजीवर आपल्या शेजारीं बसलेल्या मनुष्यानें ख्रिस्ती म्हणवून घेण्याची किंमत मोजलेली असण्याचा संभव आहे. मंडळींच्या आंतही जात सर्वस्वीं गेलेली नाहीं, लग्नें जुळवितांना ती डोकें वर काढते, असें विचारी ख्रिस्ती लोक स्वतःच सांगतात. तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे, आणि आपण त्यावर बोलावें इतकें आपलें घर स्वच्छ झालेलें नाहीं.

आशीर्वचन झालें कीं उपासना संपते. पाळक दाराशीं उभे राहून प्रत्येकाशीं हस्तांदोलन करतात, 'जय ख्रिस्त' म्हणतात. आपण नमस्कार करावा, तो तितक्याच आनंदानें घेतला जातो. नंतर चहा येतो. या चहाचा आपल्याकडे मोठा इतिहास आहे. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर चहा-बिस्किटें आलीं. न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक यांसारखी मंडळी तेथें होती. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हात लावला. आनंदीबाई जोश्यांचे यजमान गोपाळराव यांनीं ती गोष्ट वर्तमानपत्रांतून बाहेर फोडली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, ग्रामण्य झालें, आणि थोरामोठ्यांस प्रायश्चित्तें घ्यावीं लागलीं. आज असल्या चहासाठीं कोणी शंकराचार्यांकडे जात नाहीं. पण कप हातांत घेऊन कोपऱ्यांत हळूच ठेवून देणारे पाहुणे अद्याप दिसतात, आणि यजमानीणबाईंच्या तें लक्षांत येतें. चहाबरोबर बहुधा पोहे किंवा चिवडा असतो. घरांत कडक शाकाहार असेल तर तसें सांगितल्यास राग येत नाहीं. ख्रिस्ती घरांतून पाहुण्याचा आहार विचारूनच पान वाढण्याची रीत आम्हीं पाहिली आहे.

जातांना हार-नारळ नेऊं नये. नेलाच तर फुलांचा गुच्छ किंवा मुलांसाठीं खाऊ पुरे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत कित्येक ठिकाणीं उपासना नेहमींपेक्षां लवकर सुरू करतात, तेव्हां वेळ आदल्या दिवशीं विचारून ठेवावी, आणि लहान मूल बरोबर असेल तर मागच्या बाजूस, दाराजवळ बसावें.